काडाच्या पॅनलची भिंत, दरवर्षी अडकणारं दार आणि ‘ही लोड बेअरिंग आहे का गं?’

महिन्यातून एकदा तरी ओळखीपाळखीतून कुणाचा तरी फोन येतोच. ‘ताई, किचन आणि डायनिंगमधली भिंत ठोकली की धप्प वाजते, ड्रिल मारलं तर आतून गवत आलं, बिल्डर म्हणतोय पेंढ्याची आहे, हिच्यावर लोडबिड काही नसतं, शनिवारी काढून टाकतो. काढू देऊ का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे, शनिवारी नको. भिंत कशाची आहे ते कळलं, आता तिच्यावर काय टेकलंय ते बघ आणि मग फोन कर. आता तोंडाने सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर ते साधारण ८० च्या दशकापर्यंत बांधलेल्या, आतल्या पार्टिशनला गव्हाचं नाहीतर बार्लीचं काड दाबून केलेली पॅनल्स वापरलेली सापडतात. (पेंढा भाताचा असतो, गव्हाचं ते काड, पण सगळेच पेंढा म्हणतात तर जाऊ दे.) ही पद्धत निघाली स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात, ४० च्या दशकात इंग्लंडला आली आणि इथे स्ट्रामिट या नावाने इतकी चालली की जुने सुतार अजूनही कुठल्याही कंपनीच्या पॅनलला स्ट्रामिटच म्हणतात. ऑस्ट्रेलियात बेंडिगोला असली पॅनल्स आजही बनतात, तिकडे राहणाऱ्यांच्या घरात सीलिंगला असू शकतील. आत डिंक नाही, रेझिन नाही, सुकं काड गरम करून प्रचंड दाबाने एकमेकांत घट्ट बसवायचं आणि दोन्ही बाजूंनी जाड कागद चिकटवायचा, बास. जाडी बहुतेक वेळा ५८ मिलिमीटर आणि वजन चौरस मीटरला २० किलोच्या आसपास, म्हणजे १२०० रुंद आणि २४०० उंच असं एक पॅनल ५५ ते ६० किलोला जातं, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, माझ्या नवऱ्याने पडून बघितलंय.

तर मूळ प्रश्नाचं, म्हणजे ही भिंत लोड बेअरिंग (वरचा भार पेलणारी) आहे का याचं सरळ उत्तर, नाही. पार्टिशनची ही पॅनल्स वरचा मजला किंवा छप्पर पेलायला बनवलेलीच नाहीत. खाली जमिनीला एक लाकडी पट्टी, वर सीलिंगला एक पट्टी, मध्ये पॅनल्स उभी, सांध्यावर जाळीची टेप आणि वरून गिलाव्याचा पातळ हात. स्वतःचं वजन पेलायचं, दार धरायचं, शेजारच्या खोलीतला आवाज अडवायचा, एवढंच तिचं काम. नेटवर काडाच्या गासड्या रचून बांधलेल्या घरांचे फोटो बघून काही जण मला सांगतात की पेंढा तर छप्पर पेलतो. अमेरिकेत नेब्रास्कात शंभरएक वर्षांपूर्वी तशी घरं बांधली हे खरं, पण त्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, आपली सहा सेंटीमीटरची. आणि लीड्सला लायलाक म्हणून काडाच्या घरांची वसाहत आहे तिथेही काड लाकडी चौकटीत भरलंय, भार चौकटीचं लाकूड घेतं.

मग इतकं सरळ उत्तर असताना मी शनिवारी नको का म्हणते? कारण ड्रॉइंगवर भिंत कशी होती आणि पन्नास वर्षांनी ती काय करतेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला माझ्याच घराने शिकवलं. मी सिव्हिल डिप्लोमा केलेली बाई, पुण्यात सहा वर्षं आरसीसीची ड्रॉइंग्ज काढलेली, तरी तीन वर्षं मूर्खासारखी दाराला रंधा मारत बसले.

झालं असं की आमचं घर स्विंडनच्या बाहेर, १९७० च्या सुमाराचं सेमी डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं. किचन आणि डायनिंगमध्ये काडाची भिंत आणि तिच्यात दार. घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलं आणि दाराच्या कोपऱ्यातून सीलिंगकडे तिरकी भेग गेली. मी रत्नागिरीची, पावसाळ्यात दार फुगणं आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुटणं हे लहानपणापासून बघितलेलं, म्हणून म्हटलं किचनची वाफ, दार फुगलं असेल. रंधा मारला, भेगेत फिलर भरला, रंग दिला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच, त्याच कोपऱ्यात. पुन्हा रंधा. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की फुगलेलं दार उन्हाळ्यात सुटतं, हे सुटतच नाहीये, उलट दरवर्षी थोडं जास्तच घासतंय, आणि खाली किंवा कडेला कुठेच नाही, फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात. फुगलेलं लाकूड असं एकच कोपरा धरून बसत नाही. चौकटीचे कर्ण मोजले तर दोन्हीत ११ मिलिमीटरचा फरक. म्हणजे दार बिचारं सरळ होतं, चौकट वाकडी झाली होती. मग ओळंबा सोडला तर भिंतीला मधोमध ९ मिलिमीटर पोट आलेलं. सहा सेंटीमीटर जाडीची, आठ फूट उंच भिंत पोट काढते म्हणजे तिला वरून काहीतरी दाबतंय, दुसरं काय.

वर होतं बाथरूम. टबची बाजूची फळी काढून टॉर्च मारला आणि बघितलं तर डोक्याला हात लावला. आमच्या आधीच्या कुठल्यातरी मालकाने टब हलवला होता आणि सांडपाण्याचा पाइप न्यायला ८ बाय २ इंची जॉइस्टला, म्हणजे जमिनीखालच्या तुळईला, वरून ७० मिलिमीटरची खाच मारली होती, आणि तीही जवळजवळ मधोमध. इथला नियम असा की जॉइस्टला वरून खाच मारायची तर उंचीच्या आठव्या हिश्श्यापेक्षा खोल नको, म्हणजे २०० मिलिमीटरला २५, आणि तीसुद्धा टेकूपासून स्पॅनच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, ७ ते २५ टक्क्यांतच, मध्यावर तर नाहीच. लोकांना वाटतं २०० मधले ७० गेले म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. तसं नसतं, वाकायची ताकद उंचीच्या वर्गाने जाते, १३० भागिले २०० आणि त्याचा वर्ग म्हणजे ०.४२, अर्ध्याहून कमी ताकद उरली. त्यावर भरलेला टब, दीडशे लिटर पाणी आणि आत माणूस धरून अडीचशे किलो, रोज संध्याकाळी. जॉइस्ट वाकला आणि खाली बरोबर त्याच्याच पोटाला ठोकलेली आमची पार्टिशनची वरची पट्टी होती, त्यामुळे तो भिंतीवर जाऊन बसला. काडाची भिंत तेव्हापासून लोड घेत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या महिन्यात मी बिल्डरचं ऐकून भिंत काढली असती तर? लगेच टब खाली आला असता असं म्हणत नाही, पण सीलिंग नक्की बसलं असतं आणि फरशीचे सांधे उघडून पाणी खाली.

ही पॅनल्स फसवतात ती इथेच. थोडं लोड आलं तर मुकाट घेतात, मोडत नाहीत, आवाज करत नाहीत, फक्त हळूहळू पोट काढतात आणि दाराची चौकट वाकडी करतात. म्हणून भेग पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर फिलरचा डबा बाजूला ठेवा. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारा, दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा, बाजूला तारीख लिहा आणि महिन्याने बघा. हिवाळ्यात हीटिंगने लाकूड सुकून केसाएवढी भेग उघडते आणि उन्हाळ्यात मिटते, तिला घाबरायचं कारण नाही. एकाच दिशेने वाढत जाते ती भेग वेगळी.

आता तुमच्या घरात कसं बघायचं. आधी भिंत खरंच काडाची आहे का, तर दाराच्या चौकटीपाशी एकूण जाडी मोजा. गिलावा धरून ६५ मिलिमीटरच्या आसपास आली तर बहुतेक काड. लाकडी सांगाडा आणि प्लास्टरबोर्ड असेल तर १०० च्या आसपास येतं, काँक्रीट ब्लॉक असेल तर १२० ते १३० आणि ठोकल्यावर हाताला लागतं. काडाची भिंत पोकळ वाजत नाही आणि कडक पण वाजत नाही, गादीवर थाप मारल्यासारखी वाजते. कपाटामागे एक ६ मिलिमीटरचं भोक पाडा, सोनेरी भुस्कट आलं आणि गोठ्यात शिरल्यासारखा वास आला की झालं. पण भिंतीवर किंवा सीलिंगवर तो खडबडीत नक्षीचा लेप असेल आणि घर २००० च्या आधीचं असेल तर आधी त्या लेपाचा नमुना तपासून घ्या, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, इथे पूर्ण बंदी १९९९ ला आली. पॅनलमध्ये ते नसतं, वरच्या लेपात असतं, हे दोन्ही लोक एकत्र करतात.

मग वर जा. जॉइस्ट कुठल्या दिशेने जातात ते बघायचं, फळ्यांची जमीन असेल तर फळ्या जॉइस्टला काटकोनात असतात, चिपबोर्ड असेल तर कार्पेटचा कोपरा उचलून खिळ्यांची ओळ बघा, ती जॉइस्टवरूनच जाते. जॉइस्ट भिंतीला समांतर असतील तर भिंत सहसा मोकळी, (माझीही समांतरच होती, तेव्हा सहसा हा शब्द वाचा). आडवे जात असतील तर नीट बघायचं, भिंतीच्या डोक्यावर दोन जॉइस्टची टोकं एकमेकांशेजारी येऊन संपतायत का? संपत असतील तर ती रेघ लोडची आहे, आत काड निघो नाहीतर सोनं, हात लावायचा नाही. जॉइस्ट अखंड पुढे जात असेल तर तो ज्या दोन खऱ्या भिंतींवर टेकलाय त्यातलं अंतर मोजा. ८ बाय २ चा जॉइस्ट ४०० मिलिमीटरवर एक असा असेल तर चार मीटरच्या आसपास ठीक, पाच मीटर निघालं तर मध्ये कुणीतरी काहीतरी काढलंय किंवा कुठली तरी भिंत गुपचूप मदत करतेय असं समजा.

वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेघेत दुसरी भिंत असेल तर ती कशाची तेही बघा. काडाची असेल तर भिंतीच्या लांबीच्या दर मीटरला पन्नास-साठ किलो, एवढं जॉइस्ट आरामात घेतो. पण वर कुणी जड काँक्रीट ब्लॉक चढवले असतील तर मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे जातं, तो वेगळाच खेळ.

छपराचं लवकर उरकते. माळ्यावर डब्ल्यू आकाराचे तयार ट्रस, म्हणजे छपराचे त्रिकोणी लाकडी सांगाडे, दिसले, जे इथे ६० च्या दशकाच्या मध्यापासून आले, तर ते बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत जातात आणि आतल्या भिंती त्यांना लागत नाहीत. त्याआधीच्या घरात आडव्या तुळया आणि त्यांना तिरके टेकू असतात, टेकू कुठे उतरतोय ते शोधा. आणि जुनी पाण्याची टाकी, ५० गॅलन म्हणजे २२७ किलो नुसतं पाणी, ती कशावर ठेवलीय ते बघा. एकांकडे टाकीखालची लाकडं आरामात काडाच्या भिंतीच्या डोक्यावर टेकवलेली होती. कॉम्बी बॉयलर (टाकी न लागणारा, लागेल तसं पाणी तापवणारा) बसवला, टाकी गेली, प्रश्न मिटला, इतकं सोपं कधीकधीच असतं.

सगळ्यात वाईट अनुभव रेडिंगकडच्या एका ओळखीच्यांचा. हॉल आणि जिन्यामधली भिंत काडाची, जाडी मोजली, भोक पाडलं, भुस्कट आलं, सगळं रीतसर, आणि बिल्डरने कापायला सुरुवात केली. तिसऱ्या पॅनलनंतर करवत कडक लाकडात अडकली. पॅनल्सच्या सांध्यात लाकडी खांब लपलेला होता, वरून गिलावा सारखा मारलेला त्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं. जिन्यासाठी वरच्या जमिनीत भोक ठेवतात तिथे जॉइस्ट कापून त्यांची टोकं एका आडव्या तुळईला देतात आणि त्या तुळईचं एक टोक या खांबावर होतं. नशीब की बिल्डर थांबला. ‘काहीतरी जुनं लाकूड आहे’ म्हणून कापून टाकणारे पण असतात.

हे ऐकून मला आमच्या आजोबांचं घर आठवलं. कुडाचं घर, कारवीच्या काड्या उभ्या बांधून वर शेणमातीचा गिलावा. दर दोन-तीन वर्षांनी कूड सडला की तो काढून नवा घालायचे आणि तेवढे दिवस आम्ही बिनभिंतीच्या घरात राहायचो, छप्पर जागच्या जागी, कारण छप्पर मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर, आणि आढ्यावर. कूड नुसता आडोसा. पण कूड काढताना आजोबा आधी हाताने चाचपून मेढ कुठली ते बघायचे, कारण मातीखाली काडी आणि मेढ सारखीच दिसते. इंग्लंडच्या घरात तेच करायचं. भिंतीवर दर १० सेंटीमीटरवर बोटाने ठोकत जा, धप्प धप्प धप्प आणि मध्येच टक्क आलं की पेन्सिलने खूण करा. पॅनल १२०० रुंद असतं, सांधे त्या मापाने येतात, भलत्याच जागी टक्क आलं, विशेषतः जिन्याजवळ, तर तिथे मेढ आहे असंच धरा आणि उघडून बघितल्याशिवाय करवत लावू नका.

पाण्याचं राहिलं. काडाचा खरा शत्रू लोड नाही, ओल. वॉशिंग मशीनचा पाइप गळला, पाणी स्कर्टिंगखाली गेलं, खालचा एक फूट फुगला, मग काळा पडला, मग स्क्रू ड्रायव्हर ढकलला तर शिऱ्यात गेल्यासारखा आत गेला. अशा भिंतीवर वरून नकळत लोड आलेलं असेल तर ती खालून बसते आणि भेग येते वरती, म्हणून लोक सीलिंग दुरुस्त करत बसतात. वरची भेग असली तरी खालचं स्कर्टिंग एकदा काढून बघाच. ओलावा मोजायचं मीटर लाकडासाठी जुळवलेलं असतं, काडात त्याचा आकडा खरा धरू नका, फक्त याच भिंतीची कोरडी जागा आणि संशयाची जागा यांची तुलना करा. भिजलेलं पॅनल सुकवून पूर्ववत होत नाही, कुजलेला भाग कापून काढावाच लागतो आणि त्याआधी वर टेकू.

माझ्याकडे शेवटी काय केलं ते सांगते. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, साडेतीनशे पाउंड घेतले, अजिबात जिवावर आलं नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे बाजूच्या जॉइस्टखाली जाड फळी आणि दोन अॅक्रो प्रॉप (स्क्रूने उंची वाढवता येणारे लोखंडी टेकू) लावले, स्क्रू फिरवत दोन दिवसांत थोडं थोडं करून जॉइस्ट वर घेतला, एकदम घेतला तर सीलिंग तडकतं. मग खाचेच्या जॉइस्टला चिकटून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पूर्ण लांबीचा नवीन ८ बाय २, १२ मिलिमीटरच्या बोल्टने आवळला आणि पाइप दुसऱ्या वाटेने नेला. अर्धाच तुकडा जोडून भागेल का असं सुताराने विचारलं, नाही भागत, तुकडा टेकूवर पोचलाच पाहिजे. आणि मुख्य गोष्ट, वीज बंद करून पार्टिशनचा वरचा काठ १२ मिलिमीटर कापला, म्हणजे उद्या जॉइस्ट वाकला तरी भिंतीला टेकणार नाही. दोन्ही बाजूंनी सीलिंगला एल आकाराच्या पट्ट्या, त्या भिंतीला आडवं हलू देत नाहीत पण वरून दाबतही नाहीत, फटीत मऊ लोकर आणि वरून लवचीक सीलंट. साधा फिलर भरलात तर केलेलं सगळं वाया, तो कडक होतो आणि पुन्हा लोड खाली उतरवतो.

तुम्हाला भिंत ठेवायची नसेल, काढायचीच असेल, तरी क्रम हाच, आधी वरचं निस्तरा मग भिंत. जिन्याला लागून असलेली भिंत असेल तर लोड नसलं तरी आगीच्या वेळी जिना सुरक्षित राहतो का हा प्रश्न येतो, विशेषतः माळ्यावर खोली काढली असेल तर, तेव्हा काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम बघणाऱ्या खात्याला, आधी विचारा. आणि किचनची कपाटं या भिंतीवर टांगू का, हा पुढचा प्रश्न येणारच आहे म्हणून, जाड आट्यांचे लांब स्क्रू चांगले धरतात पण मी तरी आधी एक आडवी पट्टी लावून वजन पसरवते.

आमच्या फटीजवळ सीलिंगला पेन्सिलने खूण आणि तारखा आहेत, दोन हिवाळे झाले. पहिल्या जानेवारीत १२, या जानेवारीत साडेअकरा. दार आता सुटं आहे, इतकं की तीन वर्षं रंधा मारून मारून वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडलीय आणि फोडणीचा वास थेट डायनिंगमध्ये जातो. दार नवीन घ्यावं लागणार.